खरी गोळी, रिकामी गोळी

दार ढकलून म्हातारा आत आला. सलाम नाही, नाव नाही, थेट प्रश्न. "बाथरूम कुठं आहे?"

"डावीकडे," दौलत म्हणाली.

तो गेलाच नाही. डावीकडचं दार फक्त नीट पाहून घेतलं आणि त्या दाराच्या सगळ्यात जवळच्या खुर्चीत येऊन बसला.

"जायचं नव्हतं?" बहगतने विचारलं.

"नाही. माहीत असलेलं बरं."

बहगतला हसू येणार होतं, पण दौलतने त्याच्याकडे पाहिलं आणि ते हसू घशातच राहिलं. बहगत तिचा मावसभाऊ. तिला अब्ला म्हणायचा, म्हणजे ताईच. अंगाने कपाटाएवढा. डोकं हळू चालायचं, पण चालायचं. आणि दौलत? विमा कंपनीत खोटे दावे पकडून पकडून कंटाळली, नोकरी सोडली आणि स्वतःच्याच घराच्या पुढच्या खोलीत गुप्तहेर म्हणून पाटी लावून बसली. मागच्या खोलीत ती एकटी राहायची. हिवाळ्यात समुद्रावरचा वारा अलेक्झांड्रियाच्या रिकाम्या रस्त्यांवरून घोंघावत यायचा, आणि त्या मागच्या खोलीच्या खिडक्या रात्रभर खडखडायच्या.

"माझं नाव शुक्री," म्हातारा म्हणाला. "चष्म्याच्या काचा घासायचो. माझी बायको सुहैर व्हिक्टोरियाला असते, ट्रामच्या शेवटच्या थांब्याजवळच्या वृद्धाश्रमात. तिला काही आठवत नाही. पण मी गेलो की माझ्या शर्टाची बटणं लावते. लावलेली असली तर सोडते आणि परत लावते."

"मग?"

"मग काय! वर्षभर मी गेलोच नाही. लघवीचा त्रास. ट्राममध्ये अर्ध्या वाटेत... एकदा झालं तसं. सगळ्यांसमोर. त्यानंतर घराबाहेर पाऊलच टाकलं नाही."

बहगतने आपला टोस्टचा पुडा पुढे सरकवला. कुणाचं दुःख ऐकलं की खायला पुढे करायचं, एवढंच त्याला सुचायचं. शुक्रींनी एक कडक टोस्ट उचलला आणि कुडूमकुडूम खात सांगत राहिले. आमच्या भागातल्या हॉस्पिटलात या त्रासावरच्या नव्या गोळीची चाचणी सुरू झाली. नाव घातलं. गोळी लागू पडली! दर शुक्रवारी सुहैरकडे जायला लागलो. आणि आता काही जण आजारी पडले, म्हणून चाचणी मध्येच थांबवली. गोळ्या परत घेतल्या. दोन शुक्रवार झाले, मी घरातच.

बोलता बोलता पुडा अर्धा संपला. बहगतने चहा पुढे केला, तर त्यांनी हात आडवा धरला. "नको. प्यायलं की भीती वाटते."

"माझ्याकडून तुम्हाला काय हवंय, अम्म शुक्री?" दौलतने विचारलं. म्हाताऱ्या माणसाला तिकडे असंच काका म्हणतात, अम्म.

"गोळी खरंच वाईट आहे, की तिथं कुणी काही काळंबेरं केलंय, एवढंच शोधा. गोळी निर्दोष निघाली तर परत देतील ना? नाहीतर मी..." पुढचं त्यांनी टोस्टबरोबर गिळलं.

हॉस्पिटलात चाचणी बघणारी डॉक्टर लमीस तरुण होती, आणि तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. "मादाम, चाचणी मध्येच थांबणं हा काही गुन्हा नाही," ती वैतागून म्हणाली. "अर्ध्या लोकांना खरी गोळी, अर्ध्यांना रिकामी. दोन्ही दिसायला एकसारख्या. कुणाला कोणती, ते मला माहीत नाही, नर्सला नाही, पेशंटला नाही. ते फक्त कैरोतल्या कॉम्प्युटरला माहीत. मध्ये मध्ये बाहेरची एक समिती डोकावून बघते. औषध इतकं छान चाललं असेल की बाकीच्यांना न देणं म्हणजे पाप, तर चाचणी थांबवतात. काहीच फरक पडत नसेल तर कशाला लोकांना त्रास, तरी थांबवतात. आणि माणसं आजारी पडायला लागली तर त्याच दिवशी थांबवतात."

"इथे माणसं आजारी पडली."

"रक्तातलं पोटॅशियम घसरलं, पाय लुळे पडले, घोटे सुजले, ब्लडप्रेशर चढलं. आणि थांबवल्यावर कैरोने कळवलं, ते सगळे खऱ्या गोळीवाले! रिकाम्या गोळीवाल्यांपैकी एकही नाही. आता सांगा, मी काय समजायचं?"

"कैरोत हीच गोळी चालू होती ना?"

"त्याच पेटीतली. तिथे कुणाला काही झालं नाही." तिचा आवाज एकदम खाली आला. "म्हणून तर सगळे आमच्याकडे बोट दाखवतात. तुम्हीच काहीतरी केलंत म्हणून."

"पेशंट आणखी काय घेतात, ते विचारलं होतंत?"

"दर वेळी! दुसरी औषधं, मुळ्या, पाला, हकिमाचं चूर्ण. सगळे नाही म्हणाले."

गोळ्या वाटायची ती नर्स कवसर. बोलायला लागली की थांबायची नाही. "सगळे मलाच बघतायत! कँटीनवालासुद्धा चहा देताना माझ्या हाताकडे बघतो, माहितीये? अहो, मी कुणाला काय करणार? कुणाची गोळी कोणती ते मला स्वप्नात कळतं का?"

बाहेर आल्यावर बहगत कुजबुजला, "अब्ला, हीच. जास्त बोलते ती."

"मग तू निर्दोष आणि मी गुन्हेगार, असं झालं की," दौलत म्हणाली. "चल, बसू जरा."

ओपीडीच्या बाकावर एक म्हातारी बसली होती. काळा झगा, मांडीवर मोठा थर्मास. तिने दौलतला सरकून जागा दिली आणि लगेच गप्पा सुरू. नाव वहीबा, हजला जाऊन आलेली, म्हणून सगळे हाज्जा म्हणायचे. नवरा ज्येष्ठमधाचं सरबत विकायचा, पितळी घागर पाठीला बांधून, झांजा वाजवत. याच हॉस्पिटलात गेला तो.

"मग आता कुणाबरोबर येता?" दौलतने विचारलं.

हाज्जा हसली. "कुणाबरोबर नाही. मंगळवारी त्याला आणायची ना, तर मंगळवारी पाय इकडेच वळतात. घरी बोलायला कोण आहे? इथं चार माणसं असतात. मुळ्यांची पोती पडून आहेत घरात, मग करते सरबत आणि आणते."

"मला द्या ना थोडं!" बहगत म्हणाला.

"तुला कशाला? तुझं तोंड चांगलं ओलं दिसतंय," हाज्जा म्हणाली, आणि दौलत खुदकन हसली. "हे असतं बिचाऱ्या आजाऱ्यांसाठी. जिभा चिकटतात त्यांच्या टाळूला. ज्याचं तोंड सुकलं त्याला ग्लासभर, आणि घरी न्यायला बाटल्या भरून. घट्ट करते मी, पाणचट नाही. आता मागतच नाही कुणी." तिने थर्मासचं झाकण घट्ट केलं. ते आधीच घट्ट होतं.

रईस बदवी घरी भेटला. रईस म्हणजे मासेमारी बोटीचा कप्तान, आता म्हातारा, पण आवाज अजून समुद्रावरचा. आजारी पडलेल्यांत सगळ्यात आधी तोच पडला होता.

"जिन्यावरून उतरत होतो, आणि पाय म्हणाले, तू जा पुढे, आम्ही येत नाही!" तो गडगडून हसला. "आता बरा आहे. गोळी बंद झाली, पाय परत आले."

"त्याआधी काही त्रास?"

"तोंड! वाळू खाल्ल्यासारखं. भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवल्याशिवाय गिळता येत नव्हता. ती हाज्जा नसती तर मेलो असतो. बाटल्याच्या बाटल्या द्यायची बिचारी. गोळी गेली, कोरड गेली, मग बाटलीही सोडली."

दौलत एकदम गप्प झाली. बहगतला माहीत होतं, ही अशी गप्प झाली की समजायचं, संपलं. पण काय संपलं ते त्याला कधीच कळायचं नाही.

"अब्ला, कोण?"

"मंगळवारी," ती म्हणाली. तिच्या आवाजात नेहमीचा विजय नव्हता. जिंकून कुणी इतकं उदास दिसतं का?

मंगळवारी ओपीडीत सगळे जमले. डॉक्टर लमीस भिंतीला टेकून, कवसर हाताची घडी घालून, रईस काठीवर रेलून, अम्म शुक्री दारापाशी. हाज्जा वहीबा आपल्या जागी. दौलत मुद्दाम तिच्या शेजारी बसली.

"पहिला संशय कवसरवर," दौलतने सुरुवात केली. "समजा, हिने पेशंटना काहीतरी चारलं. पण कुणाची गोळी खरी हे हिला माहीत नाही. मग खऱ्या गोळीवाले आणि रिकाम्या गोळीवाले, दोन्हीकडचे आजारी पडले असते. पडले फक्त एकाच बाजूचे. म्हणून कवसर नाही."

"मी सांगतच होते!" कवसर ओरडली.

"डॉक्टरीणबाईंचंही तेच. मग गोळी? त्याच पेटीतली गोळी कैरोत खाल्ली, तिथे कुणाला काही नाही. म्हणजे गोळी एकटी दोषी नाही. खऱ्या गोळीवाल्यांच्या पोटात इथे दुसरंही काहीतरी जात होतं. फक्त त्यांच्याच. आता मला सांगा, जे कैरोचा कॉम्प्युटर सोडून कुणालाच माहीत नाही, ते इथे कुणाला कसं कळलं? खरी गोळी कुणाकडे आहे ते कसं ओळखायचं?"

बहगतने आशेने सगळ्यांकडे पाहिलं.

"तोंडावरून," दौलत म्हणाली. "खरी गोळी तोंड कोरडं करते. रिकामी करत नाही. म्हणजे ज्याचं तोंड सुकलं, त्याला खरी गोळी. एवढं ओळखायला कॉम्प्युटर लागत नाही. नुसती माया पुरते."

लमीस भिंतीपासून सरळ झाली. "ज्येष्ठमध," ती पुटपुटली. "या अल्ला. रोज भरपूर ज्येष्ठमध पोटात गेलं तर पोटॅशियम घसरतं, अंगावर सूज येते, प्रेशर चढतं. हे तर आम्हाला शिकवलंय! पण मी विचारलं होतं सगळ्यांना, मुळ्या खाता का म्हणून!"

"मुळी कुठं? ते तर सरबत!" रईस म्हणाला. "सरबत काय डॉक्टरला सांगतं कुणी?"

"म्हणूनच गोळी थांबल्यावर तुमचे पाय परत आले," दौलत त्याला म्हणाली. "डॉक्टरांना वाटलं, गोळी थांबली म्हणून. खरं म्हणजे कोरड थांबली आणि बाटली सुटली."

मग तिने हाज्जाचा हात हातात घेतला. तो गार होता.

"मी?" हाज्जाने विचारलं. "मी केलं हे?"

"तुम्हाला माहीत नव्हतं," दौलत म्हणाली.

"याला पाडलं मी? जिन्यावर?"

"अहो हाज्जा!" रईसचा आवाज सगळ्या ओपीडीभर घुमला. "माझ्या बोटीने मला किती वेळा पाडलंय, तिच्याशी बोलणं सोडलं का मी? आमच्या तपासण्या चालूच आहेत दर मंगळवारी. तुम्ही यायचं. फक्त रिकाम्या हातांनी."

हाज्जाने मान हलवली, पण ती हो होती की नाही, ते कुणाला कळलं नाही. कवसर तिच्यापाशी जाऊन बसली, आणि काय आश्चर्य, एक शब्दही बोलली नाही.

अम्म शुक्री मात्र पुढे आले होते. चेहरा उजळलेला. "म्हणजे गोळी निर्दोष! डॉक्टर, द्या मग. शुक्रवार आला."

"अम्म शुक्री, थांबवलेली चाचणी अशी लगेच चालू होत नाही," लमीस हळूच म्हणाली. "मी समितीला सगळं कळवते. ते तपासतील. मग कदाचित नव्याने, पहिल्यापासून. पुढच्या वर्षी वगैरे."

"पुढच्या वर्षी सुहैर असेल का?"

दौलत उठली. हे सांगायचं की नाही, यावर तिने आदली सगळी रात्र खिडक्यांचा खडखडाट ऐकत विचार केला होता. "अम्म शुक्री, तुम्ही माझ्याकडे अर्धा पुडा कडक टोस्ट खाल्लात. चहाचा घोट न घेता. रईसना बुडवल्याशिवाय भाकरी गिळता येत नव्हती. हाज्जांनी तुम्हाला कधी ग्लास दिला?"

"नाही. ती म्हणायची, तुला गरज नाही."

"कारण तुमचं तोंड कधी सुकलंच नाही."

त्यांनी लमीसकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. "चाचणी थांबल्यावर आम्हाला कळवलं. आज सांगणारच होते. तुमची रिकामी होती."

"मग मी सुहैरकडे गेलो कसा?"

"ट्रामने," दौलत म्हणाली.

शुक्रींनी कोटाची बटणं लावली. "थट्टा केलीत माझी, सगळ्यांनी मिळून," ते म्हणाले, आणि वळून चालायला लागले.

बहगत मागे धावणार, तोच दौलतने त्याची बाही धरली. दोघं वरच्या मजल्याच्या खिडकीशी गेले. खाली ट्रामचा थांबा. वाऱ्यात कोट फडफडतोय आणि म्हातारा एकटा उभा. एक ट्राम आली. गेली. तो तिथेच.

"जाऊ का, अब्ला?"

"थांब."

दुसरी ट्राम येऊन उभी राहिली आणि तिच्यामागे थांबा दिसेनासा झाला. मग ती निघाली. थांब्यावर कुणीच नव्हतं.

"चढले की घरी गेले?" दौलत स्वतःशीच म्हणाली. "आता हे कसं कळायचं?"

बहगतने कपाळाला आठ्या घातल्या. बराच वेळ. "अब्ला," तो म्हणाला, "त्यांचं घर हॉस्पिटलच्या मागे आहे. घरी जायचं तर आपल्या खिडकीखालूनच यावं लागतं. आले नाहीत. आणि ट्रामवर व्हिक्टोरिया लिहिलं होतं."

दौलतला यात एकही चूक सापडली नाही, आणि तिने शोधून पाहिली होती.