कालव्याकाठचा आकडा

सलिल, लाईट गेली म्हणून एवढं तोंड पाडू नकोस. येईल तासाभरात. तोवर मोबाईलची बॅटरी बंद कर आणि ऐक. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. जन्म वीजखात्यात काढलेला माणूस फक्त शॉकला घाबरतो. पण हे उत्तरेश्वरच्या बाबतीत घडलंय. माझ्याच हाताखाली तयार झालेला वायरमन. थापा मारायला जी कल्पनाशक्ती लागते, ती त्याच्याकडे औषधालाही नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. डिसेंबरातला दुसरा शनिवार, कडाक्याची थंडी. हडपसरला कालव्याच्या बाजूला एका डीपीवर मेळ बसत नव्हता. ट्रान्सफॉर्मरमधून जेवढी वीज जात होती, तेवढी घरोघरच्या मीटरवर दिसत नव्हती. चोरी तशी किरकोळ, पण दिवसरात्र एकसारखी. पंप म्हणा, शेगडी म्हणा, कुणी अखंड चालवत नाही. साहेबांनी उत्तरेश्वरला फर्मावलं, रात्री जा आणि शोधून काढ. माणसं कमी, त्यामुळे एकटाच गेला बिचारा.

एकेक तार तपासत तो कालव्याकाठच्या एका पत्र्याच्या खोलीपाशी पोचला. खांबावरच्या तारांवर आकडा टाकलेला आणि वायर थेट खोलीत गेलेली. चिमट्यासारखा मीटर त्याने वायरीभोवती धरला. करंट चालू होता. चोर सापडला म्हणून गडी खूश झाला. बांबूने आकडा खाली ओढला आणि निघणार, तेवढ्यात आत काहीतरी वाजायला लागलं.

टूं... टूं...

"कोन हाय भाईर?" आतून म्हातारीचा आवाज आला. "मशीन बंद पडलं बगा. ह्यांना दम लागलाय."

ऑक्सिजनचं मशीन.

"लावतो मावशी, लगेच लावतो."

आयुष्यभर आकडे काढत आलेला माणूस. त्या रात्री स्वतःच्या हाताने आकडा टाकत होता. टाकला. टेस्टर लावून पाहिला. तारेत वीज होती. मशीन मात्र सुरू होईना.

"लावतुयास ना बाळा?"

"हो मावशी."

काढला. पुन्हा टाकला. आतून म्हाताऱ्याची घरघर येत होती. लांब... मग आखूड... फोन काढला तर रेंज नाही. हडपसरात रेंज नाही, ऐकलंय कधी? दाराकडे धावला. बाहेरून कुलूप. गंजलेलं.

पुन्हा आकडा टाकला.

टूं... टूं...

मग तेही थांबलं. घरघरही थांबली.

...

"ऱ्हाऊ दे बाळा," म्हातारी अगदी शांतपणे म्हणाली. "आता नगं लावूस."

त्याने पकडीने कुलूप तोडलं. खोली रिकामी. नुसती जाळी आणि धूळ. वायर भिंतीतून आत येऊन तशीच लोंबकळत होती.

आवाजाने शेजारचा साईनाथ उठून आला. म्हणाला, "हितं आप्पासाहेब आन् मथुराबाई ऱ्हायची. आप्पांना मशीन लावलं हुतं. दोन वर्सामागं तुमच्यासारखाच एक जण रातचा आला, आकडा काढून गेला. सकाळपत्तुर आप्पा गेले. महिन्याभरात म्हातारी बी."

उजाडताच उत्तरेश्वरने मला बोलावून घेतलं. उंबऱ्यावर बसून होता. "काका, मी लावला होता ना हो परत?" एवढंच विचारत होता. फार वाईट वाटलं मला.

आत गेलो. बोटभर धूळ. लोंबत्या वायरीखाली मात्र मशीन मावेल एवढा हातभर चौकोन स्वच्छ. वाकून हात लावला. आजूबाजूची फरशी गारठलेली होती...

तेवढा चौकोन गरम होता.