दोस्ताची ओळ

विश्वास ठेवा, नका ठेवू. मशीनवर माझाच हात होता, म्हणून छातीठोकपणे सांगते.

मंगळवार, दुपारचे तीन. मी रेकॉर्डिंगचं काम करते तो तळघरातला स्टुडिओ. काचेपलीकडे मामा, अलीकडे मी. तिसरं कोणी नाही.

मामा आणि त्याचा दोस्त... एकेकाळी या जोडीच्या गाण्यांनी लोकांना वेड लावलं होतं. अकरा वर्षांपूर्वी दोस्त गेला. ऐन भरात.

मामा मागे राहिला. हॉल लहान होत गेले. मग लहान हॉलमधल्याही खुर्च्या रिकाम्या. आणि कार्यक्रम संपला की कोणीतरी हमखास म्हणायचं, "ते असते तर मजा आली असती."

मामा लोकांसमोर हसायचा. घरी येऊन धुमसायचा.

"गेला आणि सुटला! त्याचा आवाज आता कधी फाटणार नाही. फाटतोय तो माझा."

त्या दिवशी त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं त्याला नव्याने करायचं होतं. एकट्याने. दोस्ताच्या ओळीसुद्धा तोच गाणार होता.

"त्याच्यावाचून माझं अडत नाही, कळू दे एकदा सगळ्यांना."

पहिल्या दोन ओळी मामाच्या. ठीक झाल्या.

मग दोस्ताची ओळ आली. मामाने डोळे मिटले, तोंड उघडलं...

हेडफोनमध्ये काहीच नाही.

माइक चालू. वायर जागेवर. मामाच्या गळ्याची शीर तट्ट फुगलेली. तो गात होता.

आवाज नव्हता.

आणि मग... आवाज आला.

दोस्ताचा.

जुनं रेकॉर्डिंग मध्ये घुसलं, असंच वाटलं मला. पण जुन्यातला त्याचा आवाज कोवळा, खणखणीत. हा थकलेला होता. किंचित घोगरा. अकरा वर्षांनी वय वाढलेला.

आणि इतका सुंदर, की मशीन थांबवायचं मी विसरले.

मामा बाहेर आला. "लाव."

लावलं. वाटलं, आता हा घाबरणार. तो घाबरला नाही. ओठ चावत शेवटपर्यंत ऐकत राहिला.

"बघितलंस? अजूनही माझ्यापेक्षा चांगला गातो."

"मामा, अरे पण हे..."

"पुसून टाक!"

पुसलं.

शुक्रवारी सकाळी फोन केला. मामा एकटाच राहतो. "रियाजाला बसलोय," म्हणाला. चक्क खुशीत.

तेवढ्यात मागे... कोणीतरी खाकरलं. गाण्याआधी गळा साफ करतात तसं.

"मामा, कोण आलंय?"

"कोण येणार माझ्याकडे?"

मग फोन तोंडापासून लांब धरून, दबक्या आवाजात तो कोणावर तरी खेकसला, "आज आधी मी!"

फोन बंद झाला.

मी तशीच धावत त्याच्या घरी गेले. दाराला कान लावला. आत तेच गाणं चालू होतं.

दोस्ताच्या ओळी स्पष्ट ऐकू येत होत्या.

मामाच्या ओळींच्या जागी... नुसती शांतता.

बेल न वाजवताच मी परत आले. आई रोज विचारते, मामाकडे कधी जाऊन येतेस?