टर्कीला नेतो म्हणाला होता

हे मी मनाने रचलेलं नाही. शैलेंद्र माझा शेजारी. शारजात अल नहदाला आमचे फ्लॅट भिंतीला भिंत लागून आहेत. त्या शुक्रवारी दुपारी त्याच्या घरी जे झालं, ते त्याने त्याच संध्याकाळी मला सांगितलं. सांगताना त्याचा चहा तसाच गार झाला.

त्याची आई, शोभनाताई, पुण्यात वारली. हा गेला नाही. रजा टर्कीच्या ट्रिपसाठी राखून ठेवली होती.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवले. कावळा शिवेना. जमलेल्यांनी नाही नाही ती वचनं देऊन पाहिली. शेवटी चुलतभाऊ प्रल्हादने व्हिडिओ कॉल लावला.

"शैल्या, काकूची काही इच्छा राहिलीये का? तूच बोल."

शैलेंद्र दुबईतल्या ऑफिसात, मीटिंग सोडून बाहेर आलेला. त्याला आठवलं. मीही येते टर्कीला, असं आई म्हणाली होती. तुला चालणं झेपणार नाही, म्हणून याने तिला उडवून लावलं होतं.

"आई, तुला टर्कीला नेतो. शप्पथ."

कावळा झपकन खाली उतरला...

"खलास," म्हणत याने फोन ठेवला आणि परत मीटिंगमध्ये जाऊन बसला. बोलायला काय जातं?

ईदच्या सुट्टीत तो, बायको सुजाता आणि मुलगी मिहिका इस्तंबूलला गेले. मशिदी पाहिल्या, बोटीतून फिरले. आईची आठवण कुणी काढली नाही.

पहिल्याच नाश्त्याला वेटरने चौथी ताटली मांडली.

"वी आर ओन्ली थ्री," मिहिका म्हणाली.

वेटर शैलेंद्रशेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिला...

शैलेंद्रने ऑलिव्ह तोंडात टाकलं.

चवच नाही.

चीजला नाही, मधाला नाही. कबाब चावतोय की कागद, कळेना. बकलावा गोड लागेना. सुजाता आणि मिहिका मात्र बोटं चाटत होत्या.

त्याच्या घासातली चव कुणीतरी आधीच खाऊन टाकत होतं...

शारजात परतल्यावरही तेच. रोल्ला बाजारातला वडापाव, सुजाताच्या हातची आमटी, सगळं बेचव. डॉक्टरांना काही सापडलं नाही. माणूस निम्मा झाला.

"अरे, तू आईंना नेतो म्हणालास ना? मग त्या आल्यात," सुजाता म्हणाली. "त्यांना जेवायला वाढू. हात जोडून निरोप देऊ."

शुक्रवारी दुपारी तिने वरणभात केला. वर तूप, लिंबाची फोड. ताट रिकाम्या खुर्चीपुढे ठेवलं.

दिवे गेले नाहीत, एसी बंद पडला नाही. फक्त खालच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येईनासे झाले...

शैलेंद्रने हात जोडले.

"आई, पाहिलंस ना सगळं? खाल्लंस ना? आता जा."

खुर्ची कुरकुरली...

आवाज आईचाच होता. रागावलेला नव्हता, म्हणूनच जास्त भयंकर.

"कुठे जाऊ रे?"

सुजाताने मिहिकाला पोटाशी धरलं. पुण्यातलं आईचं घर शैलेंद्रने प्रल्हादमार्फत महिन्याभरात विकलं होतं. साड्या, भांडी, देव्हाऱ्यातले देवसुद्धा वाटून टाकले होते. आणि इथे ये, म्हणून तिला जिवंतपणी एकदाही बोलावलं नव्हतं.

"मग काय उत्तर दिलंस?" मी विचारलं.

"काय देणार?"

आता भिंतीपलीकडे रोज चार ताटं मांडल्याचा आवाज येतो. सुजाता आणि मिहिका जेवून ताटावरून लवकर उठतात. शैलेंद्र बसून राहतो, बेचव घास गिळत. पुण्यात ती बाई इतकी वर्षं एकटी जेवली.

आता ती त्याला उठू देत नाही...