भोंग्यानंतरची पाच मिनिटं

क्रेनवाल्याचं काम तसं बसूनच करायचं. काचेच्या केबिनमधून खालच्या खड्ड्यातला शहराचा कचरा लोखंडी पंजाने उचलायचा आणि भट्टीच्या तोंडात सोडायचा. कचरा जळला की वाफ, वाफेवर वीज. पाळी सुरू होताना मात्र तो तीन भोंगे द्यायचा आणि पाच मिनिटं पंजा हलवायचा नाही. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. मागच्या दाराने प्लास्टिक वेचायला शिरणाऱ्या मावशीसाठी त्यानेच तो लावून घेतला होता. भोंगा झाला की ती खालून ओरडायची, "निघाले रे बाबा, जीव खाऊ नकोस!"

मागच्या सोमवारी भट्टी गार पडत होती. इंजिनिअर फोनवर खेकसत होता. क्रेनवाल्याने भोंगा दिलाच नाही. दुसऱ्या खेपेला पंजातून मावशीच्या लुगड्यासारखं काहीतरी निळं लोंबकळताना दिसलं, आणि त्याने पाहून न पाहिल्यासारखं केलं. फडकं असेल, असं मनाला बजावलं. मनाने ऐकलं नाही.

तेव्हापासून मावशीची लेक रोज फाटकाशी यायची. "काका, आई दिसली का?" तो नकाराची मान हलवायचा. जेवणाचा डबा तसाच घरी परत जायचा.

आज भर दुपारी त्याने तीन भोंगे दिले. खड्ड्यातून आंबूस वाफारा वर येत होता. पाच मिनिटं सरली. त्याने क्रेनचा दांडा धरला, तोच खालून दमलेला आवाज आला.

"थांब रे बाबा... निघतेय..."

त्याने दांडा सोडून दिला. बऱ्याच वेळाने त्याने पुन्हा दांडा धरला. आवाज आता जवळून आला. "थांब... निघतेय..."

इंजिनिअर धापा टाकत वर आला. "झोपलास की काय? भट्टी विझेल!"

"साहेब, खाली कुणीतरी आहे."

इंजिनिअरने कान दिला. "कुणी नाही. ऊठ, मी चालवतो."

इंजिनिअर त्याच्या जागी बसला आणि पंजा खाली सोडू लागला. ते काही त्याला बघवेना. जिना उतरून तो थेट फाटकाशी गेला. नोकरी जाऊ दे, तुरुंग होऊ दे, पण आता हे पोटात ठेवणं त्याला शक्य नव्हतं. लेक उभीच होती.

"पोरी, मागच्या सोमवारी मी भोंगा दिला नाही. तुझी आई आत होती. माझ्या हातून..."

लेकीने त्याला मध्येच तोडलं. "असं काय बोलता, काका? आई आत्ताच घरी आली. तेच सांगायला आले मी."

"आत्ता?"

"हो. फारसं बोलत नाही. ताप मात्र भयंकर आहे. कपाळाला हात लावला, तर हे बघा..." तिने तळवा उघडला. पाचही बोटांवर टपोरे फोड आले होते.

"तरी म्हणते, थंडी वाजतेय."