मास्तरांनी हात उचलला तेव्हा

अंगणात चादरीवर कुरडया वाळत घातल्या होत्या आणि त्यांच्या बरोबर मधोमध तो येऊन पडला. चामड्याचा, मातीनं माखलेला, अजून गरगरणारा चेंडू.

बकुळा अंगणात एकटीच होती. अक्का, तिची आत्या, देवघरात जप करत होती. तिनं हे पाहिलं असतं तर सगळ्या कुरडया गाईपुढं गेल्या असत्या. चामड्याला हात कसा लावायचा? बकुळेनं इकडं तिकडं पाहिलं, लुगडं जरा सावरलं, आणि चेंडूला पायानं एक ठोकर दिली.

चेंडू कुंपणावरून गेला नाही. फाटक उघडून आत येणाऱ्या एका तरुणाच्या पायाशी जाऊन थांबला.

"बोटांनी मारलात," तो म्हणाला. "पायाच्या आतल्या बाजूनं मारायचा असतो. दुखलं असेल."

बोटं खरंच ठणकत होती. पण कानांच्या पाळ्या त्याहून जास्त तापल्या होत्या.

"कोण आपण?"

"भास्कर. शाळेत गणित शिकवतो. संध्याकाळी पोरांना फुटबॉल." त्याची नजर कुरडयांवर गेली आणि तो एकदम ओशाळला. "हे... आमच्या चेंडूनं?"

"अजून कुणी पाहिलेलं नाही."

"मी पाहिलं ना."

"काय पाहिलंत?"

"काही नाही..." चेंडू उचलत तो म्हणाला. "कुरडया पाहिल्या. छान झाल्यात."

तो गेला. त्या कुरडया पुढं घरात सगळ्यांनी खाल्ल्या. अक्कानंही. बकुळा मान खाली घालून वाढत राहिली.

हा १९१३चा फाल्गुन. देवास गाव एकच, पण राज्यं दोन. रस्त्याच्या एका अंगाला थोरली पाती, दुसऱ्या अंगाला धाकटी. बकुळेचे वडील मोरोपंत धाकट्या पातीच्या दरबारात कामाला होते. घरात त्यांना सगळे तात्या म्हणत. बकुळेचं अठरावं सरत आलं होतं. मुलगी मुलींच्या शाळेत शिकवते हे कळलं की स्थळं परत जात.

भास्कर महूचा. छावणीतल्या गोऱ्या शिपायांचा खेळ पाहत वाढलेला. त्यानं दोन्ही पात्यांची पोरं एकाच संघात घेतली होती. आधी ती एकमेकांकडं चेंडूच देईनात. महिन्याभरात मैदानातून "भिया, इकडे दे" अशा माळवी हाका येऊ लागल्या, आणि कोण कुठल्या पातीचा ते ओळखू येईना. छडी न बाळगणारा शाळेतला तो एकटाच मास्तर होता.

बकुळेचा धाकटा भाऊ मारुती गोलात, चेंडू अडवायला उभा राही. चेंडू आला की तो डोळे मिटून घ्यायचा. भास्कर त्याला रोज थोडा वेळ थांबवून घेई. आधी चिंध्यांचा चेंडू, मग चामड्याचा, पण हळू.

"डोळे मिटलेस तरी चालेल," तो सांगे. "पण चेंडू हाताला लागल्यावर मीट."

बकुळेची घरी यायची वाट मैदानावरूनच होती. हल्ली तिची पावलं तिथं रेंगाळत.

"आज बोटं कशी आहेत?" भास्कर विचारी.

"कुणाची?"

"कुरडयावाल्या बाईंची."

"त्यांना विचारून सांगते," ती म्हणे, आणि घर येईपर्यंत हसू काही ओठांवरून जात नसे.

चैत्रात धारचा संघ सामना खेळायला आला. त्यांच्याबरोबर प्रतापराव म्हणून एक वयस्क गृहस्थ होते, तिकडच्या पोरांना तेच शिकवत. बकुळा अक्काला घेऊन देवीच्या टेकडीवर गेली. अक्का देवळात शिरली. बकुळा पायऱ्यांवर बसून राहिली. खाली मैदान स्पष्ट दिसत होतं.

भास्करनं वर पाहिलं. तिला ओळखलं... आणि उगाच पगडी सारखी केली. तिला गंमत वाटली.

शेवटी शेवटी धारच्या एका पोरानं अगदी साधा चेंडू मारला. घरंगळतच आला तो. मारुतीनं डोळे मिटले. चेंडू त्याच्या दोन्ही पायांमधून आत गेला. पाहुणे खदखदून हसले.

भास्कर तरातरा चालत गेला आणि त्यानं मारुतीच्या गालावर सणसणीत चपराक मारली.

बकुळा ताडकन उभी राहिली होती. भास्करनं आधी आपल्या हाताकडं पाहिलं, मग टेकडीकडं. तिनं तोंड फिरवलं आणि ती देवळात शिरली.

घरी मारुतीनं तात्यांना सांगितलं, गालाला चेंडू लागला. मग परसात एकटी गाठून त्यानं तिला विचारलं, "ताई, तू पायऱ्यांवर होतीस ना?"

"मी?... मी देवळात होते. का रे, काय झालं?"

मारुती तिच्याकडं पाहत राहिला. मग पाय धुवायला गेला.

त्यानं मैदानावर जायचं सोडलं. बकुळेनं वाट बदलली. भाऊ जेवायला बसला की तिला त्याच्या ताटाकडं बघवेना.

एका संध्याकाळी तळ्याच्या काठी भास्करच समोर आला. दाढी वाढलेली.

"मारुती कसा आहे?"

"गल्लीत चिंध्यांचा चेंडू आला तरी डोळे मिटतो."

तो दगडावर बसला. "मला त्याचा राग आला नव्हता. तुम्ही वर बसला होतात... तुमच्यादेखत आम्ही हरत होतो. लोक हसत होते. एवढंच होतं ते. एवढ्यासाठी मी त्या पोरावर..."

तिला संताप यायला हवा होता. आला नाही. छातीत काहीतरी गोड थरथरलं, आणि त्या थरथरण्याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटली.

"हे मला नका सांगू. त्याला सांगा."

"सगळ्यांसमोर मारलं. सगळ्यांसमोरच सांगेन."

"मीही त्याला फसवलंय," ती हळूच म्हणाली. "मी पाहिलंच नाही, असं सांगितलं."

"का?"

"पाहिलं म्हटलं असतं तर... तुमच्याविषयी वाईट बोलावं लागलं असतं."

आपण काय बोललो ते तिला बोलून झाल्यावर कळलं. मग ती भराभर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी भास्कर मारुतीला शाळेतून मैदानावर घेऊन आला. दोन्ही पात्यांची पोरं जमली होती, येणारे जाणारे थांबले होते. भास्करनं पगडी उतरवली.

"मारुती, मी तुला मारलं. चूक तुझी नव्हती. भीती काढायला वेळ लागतो, तो मी तुला दिला नाही. मला माफ कर."

मारुती चालत गेला आणि गोलात उभा राहिला. भास्करनं अंधार पडेपर्यंत चेंडू हळूहळू लोटले. पहिले सगळे आत गेले. मग एक त्याच्या हातात अडकला. त्यानं तो पोटाशी धरला, आणि मग डोळे मिटले.

हेडमास्तरांना हे रुचलं नाही. पोरापुढं पगडी उतरवणारा मास्तर आम्हाला नको, म्हणाले. धारला ही बातमी पोचली तशी प्रतापरावांनी माणूस पाठवला, आमच्याकडं या म्हणून.

जाण्याआधी भास्कर मोरोपंतांकडं आला. बकुळा दाराआड उभी होती.

"आपल्या मुलीला मागणी घालायला आलोय," तो म्हणाला. "पण आधी दुसरं सांगायचंय. कानावर आलं असेल, तरी माझ्या तोंडून ऐका. मारुतीच्या गालाला चेंडू लागला नव्हता. मी मारलं होतं."

मोरोपंतांनी सुपारी कातरायचा अडकित्ता खाली ठेवला. मग त्यांनी मारुतीला हाक मारली.

"हे तुझे मेहुणे व्हायचं म्हणतायत. तुला चालतील?"

"मला काय विचारता, तात्या? ताईला विचारा. ती दाराआडच आहे."

खोलीत कुणाला कुणाकडं बघवेना. बकुळा बाहेर आली. पण ती भास्करकडं गेली नाही, मारुतीपुढं जाऊन उभी राहिली.

"मी पाहिलं होतं रे. पायऱ्यांवरच होते मी."

"ठाऊक आहे. तू उभी राहिलीस ते दिसलं होतं मला."

"मग बोलला का नाहीस?"

"तुला लाज वाटत होती," मारुती म्हणाला.

तिचे डोळे भरून आले. मोरोपंतांनी घसा खाकरला. "आणि मी विचारलेलं?"

"मला चालतील," मारुती म्हणाला. बकुळेनं मान हलवली. मग तेवढ्यानं भागणार नाही असं वाटून, खालमानेनं पण सगळ्यांना ऐकू जाईल असं "हो" म्हणाली.

वैशाखात लग्न झालं. धारला जायला दमणी निघाली तेव्हा मारुती इंदूरच्या रस्त्यापर्यंत बैलांच्या बरोबरीनं चालत आला. निरोप घेताना त्यानं नवऱ्यामुलाला बजावलं, "पुढच्या चैत्रात आम्ही धारला येणार. तुमच्या पोरांना सांगून ठेवा, गोलात मी आहे."

"सांगतो," भास्कर म्हणाला. "अगदी नीट शिकवून ठेवतो त्यांना."

"ताई, तू कुणाच्या बाजूची?"

बकुळेनं शेजारी बसलेल्या नवऱ्याकडं पाहिलं. नव्या नवरीनं काय म्हणायचं असतं ते तिला ठाऊक होतं.

"तुझ्या," ती म्हणाली.