चौथी बाटली

वाऱ्याने आमची भेट घडवली.

खोडते. वाऱ्याने फक्त धूळ आणली. भेट खाजेने घडवली.

दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं, त्यात माझे आईबापही. पाथर्डी तालुक्यातल्या त्या ओस रस्त्यावर माझं एकटीचं मेडिकल उघडं. दुपारी एक जण डोळे चोळत पायरी चढला. डोळे लालबुंद, बोटांवर खडू.

"मॅडम, काहीतरी द्या. पोरं म्हणतात, सर रडायलेत."

"का रडता मग?"

"धूळ हो! ...म्हणजे, सध्या तरी धूळच."

मी हसले. इतक्या दिवसांनी, की माझाच आवाज मला अनोळखी वाटला.

तो अंगद. पारनेरचा. ऊसतोडीला गेलेल्यांची जी मुलं मागे राहतात, त्यांच्या हंगामी वसतिगृहावरचा शिक्षक. डॉक्टरची चिठ्ठी नव्हती. आमच्याकडे आणतं कोण? मी स्टेरॉइडचे थेंब दिले. त्यांनी खाज लगेच थांबते.

दिवसातून तीन वेळा. दोन्ही डोळ्यांत.

दुसरी बाटली.

"थेंब घालताना वर बघायचं, सर."

"वर म्हणजे छताकडं, की..."

"छताकडं!"

तिसरी. येताना त्याने रुमालात बोरं आणली. "जेवलात का?" असंही विचारलं. आईच्या फोनशिवाय मला हे कुणी विचारत नव्हतं.

चौथी —

इथे मी थांबायला हवं होतं. हे थेंब फार दिवस घातले, तर डोळ्याच्या आतला दाब वाढतो. नस हळूहळू मरते, आणि दुखत काहीच नाही. डी.फार्मला या प्रश्नाचे मला पूर्ण गुण होते. पण नाही म्हटलं, तर तो परत कशाला येईल?

दिली. वर हसलेही.

पाचव्यांदा आला तेव्हा ट्यूबलाइटकडे बघत म्हणाला, "दिव्याभोवती रंगीत कडं दिसतंय हल्ली. छान दिसतं."

माझा हात कपाटातच राहिला.

"बाटली मिळणार नाही. उद्याच्या उद्या नगरला जा, डोळ्यांचा दाब मोजून घ्या."

"अहो, खाज तर दुसऱ्या बाटलीतच गेली."

"मग घालत कशाला होतात?"

तो काउंटरची काच बोटाने पुसत राहिला. "संपायला नको? संपल्याशिवाय येणार कसा?"

"ओतून द्यायची, वेड्यासारखं..."

"तुमच्या हातची होती. ओतवेना."

आता मीही बोलायलाच हवं होतं.

"चौथी देताना मला माहीत होतं. काय होऊ शकतं ते. तरी दिली... तुम्ही यावं म्हणून."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तो पायरी उतरला. मागे वळून पाहिलं नाही.

नऊ दिवस. रस्त्यावर कुत्रं दिसलं, तरी मी मान वर करायचे. आईचा फोन आला, "आवाज का गं असा?" म्हटलं, "काही न्हाई."

दहाव्या दिवशी त्याने काउंटरवर चिठ्ठी ठेवली. उजव्या डोळ्याचा दाब तीस, डाव्याचा सव्वीस; हवा एकवीसच्या आत. जुने थेंब बंद. दाब उतरवणारे, सकाळ-संध्याकाळ.

"नस?"

"वाचलीय. उजवी थोडी गेलीय... तेवढी भरून येत नाही म्हणाले."

मी नवे थेंब काढून काउंटरवर ठेवले.

"राग आला होता," तो म्हणाला. "अजून आहे."

"असू दे."

"सोमवारी परत बोलावलंय. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालणार. चार-पाच तास नीट दिसत नाही, सोबत कुणीतरी आणा म्हणाले." तो आता छताकडे नाही, सरळ माझ्याकडे बघत होता. "मी म्हटलं, एक आहे... विचारून बघतो."

"एसटी किती वाजताची?" मी विचारलं.