कुणी जागा सोडू नका!

जाईचा पाय सरळ आंबलेल्या कढीत गेला.

"शी! शी! शी!" ती एका पायावर उड्या मारत ओरडली. सिमेंटच्या मैदानावर, बास्केटबॉलच्या बास्केटखाली पुन्हा तोच ढीग! बुरशी आलेला भात, सडलेली वांग्याची भाजी, चिकट ग्लास आणि वर घोंगावणाऱ्या माश्या.

"मला ओकारी येऊन राहिली," केतकी नाक दाबून म्हणाली.

"तिकडं ओक. इथं जागा न्हाई," चिन्मय म्हणाला.

पण आज कुणाला हसू आलं नाही. कालच मैदान समितीचे संपतराव सगळ्यांसमोर म्हणाले होते, "ही घाण पोरंच करतात. सोमवारपासून मैदानाला कुलूप!"

संपतरावांचं मंगल कार्यालय मैदानाला लागूनच होतं. लग्नसराई जोरात होती. घाण कुठून येते ते दिसतच होतं, पण लेकरांचं ऐकतो कोण? अख्ख्या कळमनुरीत पोरांच्या बास्केटबॉल संघाला हीच एक जागा होती. तिला कुलूप लागलं की संघ संपला!

दुपारी सारे लोक पंख्याखाली झोपले तेव्हा संघातले पाचही जण मैदानाजवळ लपून बसले. कार्यालयाचं मागचं दार उघडलं. संपतरावांचा मेहुणा देविदास हातगाडी ढकलत आला.

"पकडा!" प्रभू ओरडला आणि सुसाट सुटला. त्याच्यामागं सगळेच! देविदासनं गाडी तिथंच रिकामी केली आणि पडक्या भिंतीच्या खिंडारातून पसार झाला. चिन्मयच्या फोटोत आली फक्त रिकामी गाडी आणि देविदासची पाठ.

"अरे, तो तर तुमची घाण उचलायला गेला होता!" फोटो बघून संपतराव गरजले. "वर त्याचाच फोटो? लाजा न्हाईत का?"

देविदास शेजारी दात कोरत हसत होता. जाईला त्या ढिगापेक्षा त्या हसण्याची जास्त किळस आली.

संध्याकाळी सराव झाला. संघाला शिकवणाऱ्या पद्मजा मॅडम मागच्या वर्षी वारल्या. तेव्हापासून त्यांचे यजमान राधाकृष्ण सर मुलांना शिकवत. त्यांना खेळातलं फारसं येत नव्हतं. मॅडम जे सांगायच्या तेच ते सांगत.

"थांबा! पाचही जण चेंडूमागं काहून पळून राहिले? मॅडम काय म्हणायच्या? एकानं समोर उभं राहायचं, बाकीच्यांनी वाटा अडवायच्या. एकच वाट मोकळी सोडायची, आपल्याला पाहिजे ती! अन् एकमेकांशी बोलत राहा. मुका संघ तिला चालायचा न्हाई."

सरांनी चेंडू पुन्हा आत फेकला. जाई मात्र त्या खिंडाराकडं बघत होती.

"आज आपण हेच चुकलो," सराव संपल्यावर ती चौघांना म्हणाली. "उद्या कुणी पळायचं न्हाई!"

रविवारी दुपारी देविदास भरलेली गाडी घेऊन बास्केटखाली आला. समोर चिन्मय मोबाईल धरून शांतपणे उभा!

"टाका की काका! व्हिडिओ चालू आहे!"

देविदासनं गाडी वळवली. सुकन्यानं तोवर कार्यालयाच्या मागच्या दाराला बाहेरून कडी घातली होती. "दार बंद!" ती ओरडली.

तो खिंडाराकडं वळला. तिथं केतकी आणि प्रभू. "भिंत बंद!"

शाळेकडं जाणाऱ्या गल्लीत खुद्द जाई. "गल्ली बंद!"

देविदासनं गल्लीकडं हूल दिली. प्रभूचे पाय शिवशिवले. त्यानं एक पाऊल टाकलंसुद्धा.

"प्रभ्या, जागा सोडू नको!" जाई किंचाळली. प्रभू ओठ चावून मागं सरला.

आता मोकळी होती फक्त सडक. शिव्या हासडत देविदास तिकडं धावला. ती सडक कार्यालयाच्या पुढच्या दारावरून जात होती आणि दारात वऱ्हाड फोटोसाठी उभं होतं! गाडीचं चाक गचका खाऊन अडकलं. आंबट वास सुटला. बँडवाले वाजवायचे थांबले.

संपतराव फेटा सावरत धावत आले. "गाढवा! इकडं काहून आणली? मैदानावर टाक म्हणून रोज सांगून राहिलो ना!"

सगळं वऱ्हाड त्यांच्याकडं वळलं. संपतरावांनी जीभ चावली, पण उशीर झाला होता. "अन् म्हणे घाण आम्ही पोरं करतो!" मागून धावत आलेली जाई ओरडली.

नवरदेवाची आजी चांगुणाबाई नाकाला पदर लावून पुढं आल्या. "म्हंजे आमचं उष्टं लेकरांच्या खेळायच्या जागी? अन् नाव लेकरांचं? थू तुमच्यावर! चला, धुवा ते मैदान. मी बघत बसते."

"अन् कुलूप लावायचं तर ह्यांच्या मागच्या दाराला लावू!" समितीचे भीमसिंग काका वऱ्हाडातून म्हणाले. "मैदान उघडंच राहील."

बास्केटखाली खुर्ची टाकून चांगुणाबाई बसल्या. संपतराव आणि देविदास नाकाला फडकी बांधून घासत होते. जाईला त्यांची जराही दया आली नाही.

"शाब्बास रे लेकरांनो! कुणी शिकवलं हे?" आजींनी विचारलं.

"पद्मजा मॅडमनी!" पाचही जण एकदम म्हणाले.

"हुशार बाई दिसते. बोलवा तिला!"

जाईनं मान वळवली. राधाकृष्ण सर कधीचे मागं येऊन उभे होते.

"ती न्हाई आता," ते म्हणाले. "पण तिनं सांगितलेलं ह्यांनी बराबर केलं आज."

मग त्यांनी चेंडू जाईकडं फेकला. "चला, सुरू करा. मैदान ओलं आहे, जपून!"